तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक मेथडवर रिमोटएक्सेप्शन कशाला?

टीममध्ये नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. आरएमआय म्हणजे जावा भाषेतली, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरची मेथड (प्रोग्राममधलं एक ठरलेलं काम) बोलावायची सोय. असा कॉल वाटेत फसला की मिळते ती चूक म्हणजे रिमोटएक्सेप्शन. इंटरफेस म्हणजे अशा मेथडींची जाहीर यादी, आणि ‘थ्रोज’ म्हणजे ही चूक येऊ शकते अशी त्यातली नोंद. रॅपर म्हणजे कॉलभोवती गुंडाळलेला कोड. ‘मॅडम, आरएमआयच्या इंटरफेसमध्ये प्रत्येक मेथडपुढे थ्रोज रिमोटएक्सेप्शन कशाला? रॅपरमध्ये एकदाच पकडू, बाकी कोड स्वच्छ राहील.’ मी नाही म्हणते आणि मग जुन्या विचारांची ठरते.

सर्व्हरच्या क्लासमध्ये ते लिहिलं नाही तरी चालतं, हे मला माहीत आहे. इंटरफेसमध्ये मात्र हवंच, नाहीतर ऑब्जेक्ट (त्या मेथडी असलेला घटक) एक्स्पोर्टच होत नाही, म्हणजे बाहेरून कॉल घ्यायला खुला होत नाही. ही सक्ती उगाच नाही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो, अ‍ॅन वोलरॅथ आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्येच मांडलं होतं की दूरचा ऑब्जेक्ट जवळच्यासारखा वागवता येत नाही, कारण तिथे काम अर्धवट फसू शकतं. आरएमआय घडवणाऱ्यांत वोलरॅथ होत्याच.

आमचं काम एका पतसंस्थेचं होतं. शाखेतून भरणा व्हायचा, नोंद मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर. क्लायंटकडे, म्हणजे शाखेतल्या प्रोग्राममध्ये, असाच एक स्वच्छ रॅपर होता: रिमोटएक्सेप्शन आलं की पुन्हा कॉल. एका दुपारी सर्व्हरने रक्कम जमा केली आणि उत्तर परत येताना लाइन तुटली. क्लायंटला अनमार्शलएक्सेप्शन मिळालं; हा रिमोटएक्सेप्शनचाच प्रकार, उत्तर नीट वाचता आलं नाही असं सांगणारा. कनेक्टएक्सेप्शन, म्हणजे जोडणीच न झाल्याचा प्रकार, असतं तर कॉल पोचलाच नाही, असं धरता आलं असतं. इथे तो पोचला होता, कामही झालं होतं. रॅपरने दोन्हींना एकच मानून पुन्हा कॉल केला. खात्यात रक्कम दोनदा जमा, गल्ल्यात पैसे एकदाच. संध्याकाळी रोकड जुळेना. कॅशियर ताईंना सगळ्यांसमोर विचारलं गेलं, पैसे कुठे गेले. त्यांनी नोटा पुन्हा पुन्हा मोजल्या. शेवटी कमी पडलेली रक्कम पर्समधून काढून भरली आणि काही न बोलता घरी गेल्या. दोन्ही कॉल सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडले, पैसेही परत मिळाले. पण त्या संध्याकाळी त्यांच्या बाजूने कोणीच उभं राहिलं नव्हतं.

त्यानंतर सर्व्हरची भरण्याची मेथड बदलली. प्रत्येक विनंतीबरोबर क्रमांक येतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद करत नाही, आधीचीच पावती परत देतो.

‘मग झालं की!’ माझ्यातली जुनी प्रोग्रामर म्हणते. ‘क्रमांकाने प्रश्न सुटला, एक्सेप्शनने नाही.’ तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. 2006 मध्ये ईजेबी 3 ने (सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रामसाठीचं एक मानक) रिमोटएक्सेप्शनची सक्ती काढली, स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कने ते अनचेक्ड, म्हणजे पकडायची सक्ती नसलेलं केलं, जीआरपीसी या दूरच्या कॉलच्याच दुसऱ्या सोयीच्या जावामध्येही नेहमीच्या कॉलला पकडायची सक्ती नाही. ही सगळी माणसं अजाण नव्हती. तरी मी म्हणते, कॉल मध्येच तुटू शकतो हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहायला हवं. पण तो रॅपर लिहिणारा मुलगाही रिमोटएक्सेप्शन विसरला नव्हता. कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) ते पकडायला लावतो म्हणूनच तो रॅपर लिहायला बसला होता.