पाठवाऱ्याचं शीड आणि माझा तळहात

वारा पाठीमागून असला की बोटीवर तो जाणवतच नाही. वारा 16 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), बोट त्याच दिशेने 6 नॉटने पळतेय, म्हणजे अंगाला लागतो तो जेमतेम 10 चा. मी फसले ती इथेच.

जानेवारीतली दुपार होती. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, पडला होता आणि दोननंतर वायव्येचा वारा भरायला लागला. आमची 24 फुटी जे-24 शिडाची बोट मुंबई बंदरातून मांडव्याकडे निघालेली, आम्ही पाच जण, पुढे स्पिनेकर. स्पिनेकर म्हणजे पाठवाऱ्यात लावायचं फुग्यासारखं शीड. कडेने कुठेच बांधलेलं नसतं, तीन कोपऱ्यांवर काय ते धरलेलं.

त्याचं हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, माझ्याकडे होतं. सर म्हणाले, "उतरवा." मी उत्साहाच्या भरात क्लीटमधून, म्हणजे दोर अडकवायच्या पकडीतून, दोर काढला, विंचवरचे, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या चक्रावरचे, वेढेही काढले. शीड अजून गच्च भरलेलं! दोर असा सुटला की तळहाताची साल गेली, आणि शीड बाजूला पाण्यात पडून डोल जाळ्यासारखं भरलं. तिघांनी मिळून ते ओढून घेतलं. कोणी पाण्यात गेलं नाही हे नशीब. 7 नॉटने पळणाऱ्या बोटीवरून पडलेला माणूस मिनिटभरात दोनशे मीटर मागे राहतो, आणि हे शीड आवरल्याशिवाय मागे वळताही येत नाही. त्या रात्री वरणभात चमच्याने खाल्ला.

पुढचे दोन रविवार सरांनी मूरिंगवरच, म्हणजे बोट बांधलेल्या जागीच, सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात, चढव-उतरव करून घेतली. आधी पुढचं लहान शीड वर. मग सुकाणूवाला बोट आणखी पाठवाऱ्याला घेतो, तसा स्पिनेकर मोठ्या शिडाच्या आडोशाला येऊन मलूल होतो. फार घेतली तर बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, सपकन पलीकडे जाते, म्हणून तेवढा वेळ सगळ्यांची डोकी खाली. एकाने बूमखालून शीट, म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर, पकडून "आलं!" म्हणायचं, दुसऱ्याने गाय, म्हणजे वाऱ्याकडच्या कोपऱ्याचा दोर, सोडायची, आणि त्यानंतरच हॅलयार्ड. तेही विंचवर एक वेढा ठेवून, हात-हात. दोर हाताला गुंडाळायचा नाही म्हणजे नाही.

शीटच्या टोकाला गाठ मारायची नाही, हे मात्र पटायला वेळ लागला. बाकीच्या दोरांना तर आपण आवर्जून मारतो. पण बोट आडवी व्हायला लागली की हा दोर सरळ निसटून गेला पाहिजे. शीड फडफडेना का, बोट तरी उभी राहते.

तिसऱ्या रविवारी परत बाहेर. वारा 16 झाला की शीड उतरवायचं, हे धक्क्यावरच ठरलं होतं. ऐनवेळी एक जण म्हणालाच, "सर, पाच मिनिटं थांबू या ना, काय पळतेय!" सरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आलं?"

"आलं!"

एक वेढा. हात-हात. शीड कोरडंच्या कोरडं केबिनमध्ये. बोट वाऱ्यावर वळवली तसा तोच वारा कानात घोंघावायला लागला, तोंडावर खारं पाणी आलं आणि माझी टोपी उडाली. ती काही मिळाली नाही.