क्राइसलिगा सी आणि आईचा दोरा

सध्या नेरुळला घरी आहे, तीन आठवड्यांची सुट्टी. जर्मनीत डिसेंबरच्या मध्यापासून आमच्या फुटबॉल लीगलाही सुट्टी असते कारण ग्राउंडच गोठतं, त्यामुळे माझी एकही मॅच बुडत नाहीये. परवा रात्री टर्फवर पोरांनी विचारलं की अरे तू तिकडे खरंच लीग खेळतोस का, कुठली, तर म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

हो, खरंच खेळतो. क्राइसलिगा सी. बुंदेसलिगा, म्हणजे जर्मनीतली सगळ्यात वरची लीग, पहिली पायरी धरली तर आमच्या भागात ही अकरावी. पण शिडी एकच आहे, आणि हेच मला सगळ्यात भारी वाटतं. जिंकत राहा, वर जा, हरलात की खाली. हॉफेनहाइम नावाच्या तीन-साडेतीन हजार वस्तीच्या गावाची टीम अशीच खालून चढत चढत 2008 ला बुंदेसलिगात पोचली, आता पाठीशी मोठा पैसेवाला माणूस होता हे खरं, पण चढली तर त्याच पायऱ्यांवरून ना.

मी राहतो ते गाव डॉर्टमुंडपासून ट्रेनने अर्धा तास. वस्ती म्हणाल तर आपल्या दोन सेक्टरांत मावेल. पण तिथे क्लबचं स्वतःचं हिरवं ग्राउंड, लाइट्स, कपडे बदलायच्या खोल्या, गरम पाण्याचे शॉवर, सगळं. आणि मी कुठून गेलोय तर डी वाय पाटील स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावरून. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल तिथे बसून बघितलीय, 2022 ला मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल पण तिथेच झाली. एवढं सगळं दारात, पण आम्ही खेळायचो रात्री अकरा ते बारा, पैसे काढून भाड्याच्या टर्फवर, पाच-पाच जण. सेक्टरच्या मैदानात कधी मांडव, कधी प्रदर्शन, आणि ते उठल्यावर खिळे आणि खड्डे. पूर्ण ग्राउंडवर, अकरा विरुद्ध अकरा, रेफ्री असलेली पहिली खरी मॅच मी एकोणतिसाव्या वर्षी खेळलो, आणि तीही परक्या देशात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, माझ्यासाठी कमी, आत्ता आठवी-नववीत असलेल्या पोरांसाठी जास्त.

खेळण्याआधी श्पीलरपास लागतो, म्हणजे खेळाडूचं रजिस्ट्रेशन. परदेशी माणूस म्हटल्यावर आधी दुसऱ्या कुठल्या देशात नोंद होती का ते तपासतात, त्यात काही आठवडे गेले. तोवर नुसती प्रॅक्टिस, मंगळवार आणि गुरुवार, पाऊस असो नाहीतर काही असो. ऑफिसमधून धावतपळत पोचायचो. क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, सत्तरीच्या माणसालासुद्धा. मला ते जमेचना, तोंडात येईपर्यंत जीभ अडायची, कारण आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला काका नाहीतर आजोबाच म्हणणार ना.

तर पहिली मॅच. ऑक्टोबरचा शेवट, रविवार, दुपारी एक वाजता. (आमची क्लबची दुसरी टीम, पहिल्या टीमची मॅच तीनला, म्हणून प्रेक्षक थोडे आधी येऊन आमचीही बघतात.) बारीक पाऊस लागलेला. मैदानात उतरण्याआधी रेफ्रीने सगळ्यांचे बूट बघितले, शिनगार्ड बघितले आणि माझ्या मनगटाकडे बोट केलं. आईने निघताना बांधलेला एकवीरा आईचा दोरा. हातात-गळ्यात काही नको, नियम आहे. बरोबरच आहे त्याचं, पण मला ती गाठ सुटेना, बोटं गार पडलेली, आणि कापायला मन होईना. तेव्हा आमचे बेट्रॉयर आले, म्हणजे टीमच्या बाटल्या, औषधाची पेटी, जर्सीची बॅग सगळं बघणारे आजोबा, वय बहात्तर. काही न विचारता खाली बसले, माझा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, नखाने हळूहळू गाठ सोडवली, दोरा रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं.

साठाव्या मिनिटाला मला राइट बॅकला उतरवलं. 1-1 चालू होतं. दहाएक मिनिटांनी एक उंच बॉल आमच्या बॉक्समध्ये आला आणि मागून कीपर ओरडला, लिओ! मला वाटलं कोणाला तरी हाक मारतोय. मी उडी मारली, तोही झेपावला, दोघं धाडकन आपटलो, बॉल सुटला आणि त्यांच्या पोराने गोल टाकला. 1-2. स्कोअर तोच राहिला. मला वाटलं आता शिव्या पडणार. कीपरने हात देऊन उठवलं, पुढचा बॉल म्हणाला, बस. मॅचनंतर कळलं की आमच्या टीममध्ये लिओ नावाचं कोणी नाहीच, तिकडे लिओ म्हणजे 'सोड, मी घेतो'. लहानपणापासून खेळणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही, कानावर पडून पडूनच येतं.

क्लबच्या खोलीत ब्राटवुर्स्ट खाताना आजोबांनी विचारलं, तुमच्याकडे फुटबॉल आहे का? सांगितलं, 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकला भारत चौथा आला होता, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारली होती. त्यांनी नाव दोनदा म्हणायला लावलं, पाठ व्हावं म्हणून. मग खिशाचं बटण उघडून रुमाल काढला आणि दोरा परत माझ्या मनगटाला बांधला. त्यानंतर प्रत्येक मॅचला हेच, आधी सोडायचा, नंतर बांधायचा, आणि बांधणार तेच.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी चहा देताना आईचं लक्ष गेलं. हात धरून बघत राहिली. म्हणाली, दोरा माझाच आहे, पण ही गाठ माझी नाही, कोणी बांधली? सगळं सांगितलं. काल कार्ल्याला जाऊन आली, पायऱ्या चढताना गुडघे दुखतात तरी. दोन दोरे आणलेत. मार्चमध्ये दुसरा राउंड सुरू होतो, त्याआधी त्यांना दे म्हणाली, आणि बांधताना तू बांध.