इसार नाही, पावती नाही, नुसतं 'ॲक्सेप्टेड'

मागच्या महिन्यात आईला फोनवर सांगितलं की इथल्या, इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घराची ऑफर ॲक्सेप्ट झाली, तर तिने संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर पेढे वाटून टाकले. आता तिला कोण सांगणार की इथे ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे समोरचा माणूस आज 'हो' म्हणाला, बास, उद्या 'नाही' म्हणाला तर त्याला कोणी विचारू शकत नाही.

आपल्याकडे घर पसंत पडलं की इसार देतात, पावती होते, मग साठेखत, मग खरेदीखत. इथे इंग्लंडमध्ये ऑफर फोनवर नाहीतर ईमेलवर द्यायची, एक पेनीसुद्धा द्यावी लागत नाही, आणि म्हणूनच कोणी बांधलंही जात नाही. एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स म्हणतात ते आपलं साठेखत समजा, तेव्हा साधारण १० टक्के डिपॉझिट भरतात आणि त्यानंतर माघार घेतली तर ते बुडतं. कम्प्लीशन म्हणजे खरेदीखत, त्या दिवशी चावी. पण ॲक्सेप्टेड आणि एक्स्चेंज यांच्या मधे दोन-चार महिने सहज जातात आणि सगळी गंमत (आमच्या बाबतीत सगळं रडगाणं) तिथेच होते. स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे, तिकडे ऑफरच वकिलामार्फत जाते, शहाणे लोक.

आम्ही बघितलेलं पहिलं घर टाइलहर्स्ट भागातलं. जाहिरातीत 'ऑफर्स इन एक्सेस ऑफ ३ लाख ७५ हजार पाउंड', म्हणजे त्याच्या वरच बोला. शनिवारी पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट, आम्ही बाहेर पडतोय तर दारात पुढचं जोडपं बूट काढतंय. सोमवारी एजंटचा फोन, खूप इंटरेस्ट आहे, दुपारी बारापर्यंत 'बेस्ट अँड फायनल' कळवा. म्हणजे बाकीच्यांनी किती लावले ते माहीत नाही, अंधारात दगड मारायचा. नवरा म्हणाला गोल आकडा नको, म्हणून ३,८३,५०० लावले, गेलं ते घर. इथे विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्रीत सगळ्यांना बघायला मिळतात, तर काही महिन्यांनी मी मुद्दाम उकरून पाहिलं, ३,८६,००० ला गेलेलं. अडीच हजारांसाठी! नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

एजंटबद्दल एक सांगते. तो कितीही गोड बोलला, मुलांची नावं लक्षात ठेवली, तरी तो विकणाऱ्याचा माणूस, त्याचं कमिशन विकणारा देतो. पुण्यात एजंट दोन्हीकडून दलाली घेतो म्हणून आपण कुरकुरतो, पण निदान पैसे दिलेत म्हणून त्याच्यावर ओरडता तरी येतं. आमचं बजेट कुठवर ताणेल हे मी पहिल्याच एजंटला भोळेपणाने सांगून बसले होते, ते अजिबात करू नका.

दुसरं घर लोअर अर्लीतलं, हे खरं लागलं मनाला. ऑफर ॲक्सेप्ट झाली, सॉलिसिटर म्हणजे खरेदीचा वकील नेमला, घराची तपासणी म्हणजे सर्व्हे करून घेतला (जिन्याखालच्या भिंतीत ओल, दोन कौलं सरकलेली, आणखी काय काय), कौन्सिलच्या, ड्रेनेजच्या नोंदींचे दाखले, म्हणजे सर्चेस मागवले. सातव्या आठवड्यात एजंटचा फोन की व्हेंडरची, म्हणजे विकणाऱ्याची, परिस्थिती बदलली आहे. काय बदललं, कुणाची बदलली, काही नाही. दहा दिवसांनी तेच घर पंधरा हजार जास्त किमतीला परत साइटवर. सर्व्हे आणि सर्चेस मिळून आमचे हजारेक पाउंड गेले आणि ते मागायची सोय कुठेच नाही. ऑफर ॲक्सेप्ट झाल्यावर दुसऱ्याची जास्तीची ऑफर घेतली तर त्याला गॅझम्पिंग म्हणतात, इतकं नेहमीचं आहे की शब्दच आहे त्याला. आणि एक्स्चेंज होईपर्यंत आलेली प्रत्येक ऑफर विकणाऱ्याला कळवणं हे एजंटचं कायद्याने कामच आहे, विकणाऱ्याने स्वतः नको सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

सगळ्यात मोठा दणका मात्र विकणाऱ्याने नाही, चिंचवडने दिला. सॉलिसिटरच्या फॉर्मवर प्रश्न होता, याआधी कधी घर होतं का, जगात कुठेही? आम्ही तर फर्स्ट टाइम बायर, म्हणजे पहिल्यांदाच घर घेणारे, त्यांना स्टँप ड्यूटीत सवलत असते, नाही म्हणून टिक करणार तेवढ्यात नवऱ्याला आठवलं की सासऱ्यांच्या चिंचवडच्या फ्लॅटवर दुसरं नाव त्याचं आहे. झालं. दोघांपैकी एकाचं जरी असलं तरी सवलत गेली. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या घराला ३ लाखांपर्यंत स्टँप ड्यूटी नाही, त्यावर ५ लाखांपर्यंत ५ टक्के, म्हणजे ३ लाख ८५ हजारांच्या घराला ४,२५० पाउंड. आम्हाला ९,२५०. वर दुसरं घर असलं तर ५ टक्के अधिभारही लागतो, पण नवऱ्याचा हिस्सा ४० हजार पाउंडांच्या आत बसला म्हणून त्यातून सुटलो, नाहीतर आणखी १९,२५० गेले असते. सासरे फोनवर म्हणाले, 'अरे, मी तर नंतर त्रास नको म्हणून टाकलं होतं तुझं नाव.' त्यांना काय बोलणार!

तर आता हे तिसरं घर, ज्याचे पेढे वाटून झालेत. विकणारे आजी-आजोबा डॉर्सेटमध्ये बंगलो (इथे म्हणजे छोटं बैठं घर) घेतायत, त्या बंगलोवाल्या बाई अजून कुठेतरी फ्लॅट घेतायत, त्या फ्लॅटवाल्याचं काय ते कोणालाच माहीत नाही. याला चेन म्हणतात, एक कडी तुटली की सगळे परत होते तिथे. आजी-आजोबांना आम्ही भेटलेलो नाही, घर बघायला गेलो तेव्हा ते मुद्दाम बाहेर गेले होते. फक्त परवा त्यांनी भरलेला फॉर्म आला, घरात काय ठेवणार, काय नेणार याचा. पडद्यांचे रॉड ठेवणार, पडदे नेणार. बागेतलं शेड ठेवणार. फ्रीजपुढे आधी 'नेणार' वर टिक होती, ती खोडून 'ठेवणार' केलंय. आम्ही दोघं त्या खोडलेल्या टिककडे बराच वेळ बघत होतो, की डॉर्सेटचं पक्कं झालं असेल म्हणून फ्रीज नको झालाय, का तिथे आधीच एक आहे.