‘तशी वाटत नाहीस’ला लेखी उत्तर

प्रौढ वयात ऑटिझमचे, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात त्या मेंदूच्या जन्मजात वेगळेपणाचे, निदान झालेल्या माणसाच्या वाट्याला इंग्लंडमध्ये उघड हेटाळणी क्वचित येते. येते ते कौतुक. “पण तू तशी अजिबात वाटत नाहीस!” हे वाक्य मी लीड्समधल्या माझ्या ऑफिसात ऐकले आहे, शेजारच्या गोऱ्या आजींकडून ऐकले आहे आणि सांगलीहून फोनवर बोलणाऱ्या मावशीकडूनही ऐकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्याला उत्तर देणे जड जाते. ‘तशी’ म्हणजे कशी, असे विचारले की समोरचा माणूस गडबडतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांचा, न बोलणारा, स्वतःभोवती गिरक्या घेणारा मुलगा असतो आणि विमा कंपनीत दाव्यांची आकडेवारी जुळवणारी चाळिशीतली मराठी बाई त्या चित्रात कुठेच बसत नाही. मग चित्र तसेच ठेवून बाईलाच चौकटीबाहेर काढले जाते. एकदा बाहेर काढले, की तिने शांत जागा मागितली तर ती नखरे करते आहे, असे म्हणायला सगळे मोकळे होतात.

माझे निदान येथील सरकारी आरोग्यसेवेच्या यादीत बराच काळ वाट पाहिल्यानंतर झाले. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी, असा येथील आरोग्य मार्गदर्शक संस्थेचा, म्हणजे नाइसचा, दंडक आहे; प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षे खोळंबतात. तपासणीत लहानपण ओळखणाऱ्या कुणाशी तरी बोलावे लागते, म्हणून सांगलीहून आईला व्हिडिओ कॉलवर घेतले आणि दुभाषी म्हणून एक गुजराती बाई बसल्या, ज्यांचे मराठी मुंबईचे होते. मुलगी खेळणी ओळीने मांडत असे का, हा ठरलेला प्रश्न आला. आई म्हणाली, “छे हो, खेळण्यांचं वेड नव्हतंच तिला. हळदीकुंकवाला बायका यायच्या ना, त्यांच्या चपला मात्र जोडीजोडीने लावून ठेवायची, अगदी मापाप्रमाणे, लहान-मोठी. कुणी मध्येच चप्पल घातली तर रडायची. फार शहाणी होती.” दुभाषीबाईंनी ते भाषांतर करताच डॉक्टरांची लेखणी थांबली आणि मग बराच वेळ भराभर चालली. आईच्या लेखी ते वळण होते, डॉक्टरांच्या लेखी लक्षण. दोघींपैकी कुणी चुकले होते असे मला वाटत नाही.

हीच गोष्ट नजरेची. आमच्या घरी वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणे उद्धटपणाचे मानले जाई, त्यामुळे खाली पाहून बोलणारी मी आज्ञाधारक ठरले आणि शाळेत त्याबद्दल माझे उदाहरणही दिले गेले. इंग्लंडमध्ये पहिल्याच वार्षिक मूल्यमापनात ‘नजर टाळते, आत्मविश्वास वाढवावा’ असा शेरा पडला. डोळे तेच, पापण्या त्याच, फक्त विमान बदलले होते. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडले की ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच चित्र आहे. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन कळत नाही, आणि ही दरी दोन्ही काठांवरून सारखीच रुंद असते. परक्या देशात राहिलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हा विचार समजावून सांगावा लागू नये. पुढे एडिंबरा विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७२ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला: आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवायची आणि शेवटपर्यंत तिचे किती तपशील टिकतात ते मोजायचे. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. सरमिसळ असलेल्या साखळीत ती अधिक गळाली. नंतरच्या, अधिक मोठ्या अभ्यासात सरमिसळीतली ही गळती दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र ऑटिस्टिक माणसे आपापसांत बोलताना कमी पडतात असे दोन्हीकडे आढळले नाही.

आता ऑफिसकडे वळते, कारण रोजची झटापट तिथे होते. माझे टेबल छतावरच्या लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली आणि स्वच्छतागृहाच्या दाराला लागून होते. आत हात वाळवण्याचे यंत्र सुरू झाले की माझ्या हातातली ओळ सुटायची आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागायचे. मी मॅनेजरला तोंडी सांगितले, तेव्हा तो मनमिळाऊपणे हसला आणि म्हणाला, “अगं, आपण सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतो.” या वाक्यामागे माणुसकी दिसते, पण त्याचा परिणाम एवढाच होतो की सगळ्यांना सारखेच होत असेल तर एकटीसाठी काही करण्याची गरज उरत नाही. त्यानंतर मी तोंडी काही मागायचे नाही असे ठरवले.

ब्रिटनच्या समानता कायद्यात, म्हणजे २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमध्ये, कलम २० आहे. ज्या व्यवस्थेमुळे अपंग व्यक्तीची इतरांच्या तुलनेत लक्षणीय गैरसोय होते, त्या व्यवस्थेत वाजवी बदल करण्याचे कर्तव्य हे कलम मालकावर टाकते. अपंगत्वाची व्याख्या कलम ६ मध्ये आहे आणि तिच्या केंद्रस्थानी आजाराच्या नावाऐवजी परिणाम आहे: दैनंदिन व्यवहारांवर लक्षणीय आणि बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा प्रतिकूल परिणाम. म्हणजे हाती निदानाचा कागद नसला तरी दार बंद होत नाही. आमच्या युनियनच्या प्रतिनिधीने मला एक युक्ती शिकवली, जी मी आता सगळ्यांना सांगत सुटते: पत्रात स्वतःविषयी कमीत कमी आणि जागेविषयी जास्तीत जास्त लिहायचे. ‘मला आवाज सहन होत नाही’ असे लिहिले की चर्चा माझ्या सहनशक्तीवर येते. ‘टेबल क्रमांक अमुक, दारापासून दोन मीटर, यंत्राचा आवाज दर काही मिनिटांनी, त्यामुळे पडताळणीच्या कामात खंड; टेबल खिडकीकडच्या रांगेत हलवावे, बैठकीचा विषय आदल्या दिवशी लेखी मिळावा, फोनऐवजी मेल वापरावी’ असे लिहिले की चर्चा टेबलावर राहते, आणि टेबल हलवायला कुणाच्या स्वभावाची चिकित्सा लागत नाही. टेबल हलले. बैठकीच्या विषयपत्रिकेला मात्र नकार आला, कारण त्यामुळे ‘उत्स्फूर्तपणा’ जातो म्हणे. मी पुन्हा लिहिले. दोन-तीन महिन्यांनी पत्रिका येऊ लागली आणि गंमत अशी, की तिची सवय सर्वांत आधी त्यांनाच लागली ज्यांनी नकार दिला होता.

हे असे मागता येते, ही शिदोरी आमच्या आधीच्या लोकांनी बांधून ठेवली आहे. ऑटिझमवर अनेक दशके बोलले ते डॉक्टर, आणि त्यांच्या पाठोपाठ आईवडील. १९९३ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे भरलेल्या परिषदेत जिम सिंक्लेअर या अमेरिकन ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांनाच उद्देशून सांगितले, की तुम्ही शोक करता तो जन्माला न आलेल्या, अपेक्षेतल्या मुलाचा. समोर जिवंत असलेल्या आमच्यासाठी शोक नको, आम्हाला समजून घ्या. एवढे रोखठोक बोलणे तेव्हा कुणाच्या कानांना सवयीचे नव्हते. पुढे २००७ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एक जाहिरात मोहीम निघाली, जिच्या फलकांवर अपहरणकर्त्याच्या खंडणीच्या चिठ्ठीची नक्कल होती: ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’, आणि खाली सही ऑटिझमची. एरी नेमन हा जेमतेम विशीचा विद्यार्थी आणि त्याने सहकाऱ्यासोबत आदल्याच वर्षी स्थापन केलेली ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क ही संस्था यांनी इतर अपंग संघटनांना बरोबर घेऊन पत्रांचा आणि मेलचा असा भडिमार केला, की महिना संपण्याआधी ती मोहीम गुंडाळावी लागली. मला या प्रसंगात सर्वांत आवडते ती त्याची साधने: ना मोर्चा, ना घोषणा, मुख्यतः नेमकी लिहिलेली पत्रे. टेलिफोन उचलताना घाम फुटणाऱ्या माणसांनी जिंकलेली लढाई अशीच दिसणार.

सिंक्लेअर आणि मंडळींनी १९९६ पासून अमेरिकेत ऑटिस्टिक लोकांनीच ऑटिस्टिक लोकांसाठी भरवलेले मेळावे सुरू केले, आणि त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये २००५ पासून ऑटस्केप भरते. अशाच एका छोट्या मेळाव्याला मी यॉर्कशायरमध्ये गेले होते. दाराशी प्रत्येकाला रंगीत बिल्ला मिळतो: हिरवा म्हणजे माझ्याशी खुशाल बोला, पिवळा म्हणजे ओळखीचे असाल तरच बोला, लाल म्हणजे आत्ता कुणीच नको. टाळ्यांऐवजी सगळे हात वर करून बोटे हलवतात, कारण टाळ्यांचा कडकडाट कित्येकांच्या कानांना टोचतो. मी लाल बिल्ला लावून खुर्चीत बसून राहिले आणि ‘काय झालं, बरं नाही का?’ असे विचारायला कुणीही आले नाही. लग्नकार्यात कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे येऊन ‘माणसांत मिसळ जरा’ म्हणणाऱ्या सगळ्या आत्या-काकूंची तेव्हा आठवण झाली. त्यांची माया खरी होती. फक्त तिला विचारण्याची सवय नव्हती.

इकडे सगळे आलबेल आहे असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. २००९ चा ऑटिझम अ‍ॅक्ट हा इंग्लंडमधला एकाच अपंगत्वासाठी केलेला पहिला कायदा, आणि त्याचा येथे अभिमान मिरवला जातो; तरी सरकारनेच नेमलेल्या बकलंड समितीच्या २०२४ च्या अहवालानुसार काम करण्याच्या वयातील दर दहा ऑटिस्टिक व्यक्तींपैकी फक्त तिघांच्या आसपास नोकरीत आहेत. बौद्धिक अक्षमता असलेले किंवा ऑटिस्टिक असे सुमारे २,००० लोक इंग्लंडच्या मनोरुग्णालयांत अडकून पडल्याचे आकडे त्याच सुमारास समोर होते, आणि त्यातल्या अनेकांना तेथे ठेवण्याचे कारण बाहेर योग्य घर नाही एवढेच. गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झालेली, न दिसणारे अपंगत्व सुचवणारी सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी आता सर्वत्र दिसते. ती गळ्यात असली की कर्मचारी समजुतीने वागतात. मी ती वापरते आणि तिच्यावर रागावतेही. साधी सभ्यता मिळवण्यासाठी मी माझी खाजगी बाब गळ्यात का टांगावी, याचे उत्तर मला अजून पटेल असे मिळालेले नाही. त्यात भर रंगाची आणि उच्चारांची: इंग्रज सहकारी सरळ बोलला तर तो ‘प्रामाणिक’, मी तसेच बोलले तर ‘जरा कडक’.

गावाकडच्या वाचकांसाठी एक मुद्दाम. आपल्याकडेही कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, वाजवी सोयी नाकारणे हा त्यात भेदभाव धरला आहे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांत जादा वेळ व लेखनिक मिळतो हे पुष्कळ पालकांना ठाऊक असते. मात्र तोच मुलगा पदवी घेऊन नोकरीला लागला की ही सगळी व्यवस्था जणू दहावीपुरतीच होती असे वागले जाते. दोन एप्रिलला जागतिक ऑटिझम दिनाचे कार्यक्रम होतात, व्यासपीठावर डॉक्टर असतात, पालक असतात, एखादा मुलगा गाणे म्हणतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो, ज्यात तो कान झाकून घेतो. भारतात या विषयावर जे उभे राहिले ते मुख्यतः आयांनी उभे केले, दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी सुरू केलेल्या अ‍ॅक्शन फॉर ऑटिझमपासून. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही पुढच्या कार्यक्रमात त्या गाणाऱ्या मुलाला, किंवा पंचवीस-तीस वर्षांच्या ऑटिस्टिक तरुणीला, प्रमुख वक्ता म्हणून बोलवावे, तिला बोलणे जमत नसेल तर टाइप करून पडद्यावर दाखवावे, आणि वेळ किती ते तिला ठरवू द्यावे, एवढे संयोजकांना सांगावेसे वाटते. ‘तिला काय कळतंय’ हा आक्षेप येईल. तो तिच्या भाषणानंतर घ्यावा.

मावशीला मी आता ‘तशी म्हणजे कशी?’ असे विचारते. पहिल्या वेळी ती रागावली, दुसऱ्या वेळी विषय बदलला, आणि परवा तिनेच विचारले की तिच्या नातवाला शाळेत पहिल्या बाकावर, पंख्याखाली बसवतात म्हणून तो चिडतो का. मी तिला पत्राचा मसुदा मराठीत लिहून पाठवला: बाक कुठला, पंख्याचा आवाज कसा, कुठे हलवावे. स्वभावाविषयी एक ओळही नाही.

ऑफिसात सध्या माझी मागणी भरतीबाबत आहे. मुलाखतीचे प्रश्न सर्वच उमेदवारांना आधी लेखी द्यावेत, कारण आम्ही ज्या कामासाठी माणसे घेतो त्यात हजरजबाबीपणाचा काडीचाही उपयोग नाही. एचआरकडून ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर आले, त्यानंतर काही नाही. सोमवारी पुन्हा मेल जाईल; या वेळी कलम २० पहिल्याच वाक्यात असेल, आणि प्रत युनियनला.