कृती वहीत आहे, मग रोज तीच फिल्म का येत नाही?

प्रयोगशाळेत नवीन आलेला विद्यार्थी असो, शेजारच्या विभागातले सहकारी असोत की घरची मंडळी, प्रश्न फिरून फिरून एकच येतो. "ऑक्सिजन किती सोडायचा, पॉवर किती ठेवायची, किती मिनिटं चालवायचं, सगळं वहीत लिहिलेलं आहे. मग तुम्ही रोज सकाळी आधी चाचणीचा तुकडा का बनवता? कालची कृती आज चालत नाही का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी व्हॅनेडियम ऑक्साइडच्या पातळ फिल्म, म्हणजे अतिशय पातळ थर, बनवते. जाडी साधारण १०० नॅनोमीटर. या फिल्म जातात थर्मल कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये. माणसाचं अंग ३७ अंशांना तापलेलं असतं आणि त्यातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांचा जोर ९-१० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. आपल्या डोळ्यांची धाव ०.७ मायक्रोमीटरच्या जरा पुढे संपते, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. हवा मात्र ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातले किरण बऱ्यापैकी आरपार जाऊ देते, आणि कॅमेरा याच पट्ट्यावर काम करतो.

सेन्सरमधला प्रत्येक पिक्सेल म्हणजे दोन बारीक पायांवर उभा असलेला एक पूल. सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पडदा, त्यावर माझी फिल्म, आणि खाली दोन-अडीच मायक्रोमीटर मोकळी जागा सोडून सिलिकॉनचं सर्किट. पुलाची उष्णता हवेवाटे निसटू नये म्हणून सगळं निर्वातात बंद केलेलं. हल्ली अशा पिक्सेलांमधलं अंतर १७ किंवा १२ मायक्रोमीटर असतं, म्हणजे एका केसाच्या रुंदीत चार-पाच पिक्सेल बसतील. समोरची वस्तू १ अंशाने जास्त गरम असेल, तर पुलाचं तापमान बदलतं अंशाच्या काही हजाराव्या भागाने. तेवढ्यावरून फिल्मचा रोध बदलतो आणि सर्किट तो बदल वाचतं. अंधारात उभा असलेला माणूस दिसतो, तो या एवढ्याशा फरकातून.

म्हणूनच धातू सोडून ऑक्साइड. १८८० च्या सुमारास सॅम्युअल लँगली यांनी पहिला बोलोमीटर, म्हणजे रोधातल्या बदलावरून किरणांची उष्णता मोजणारं यंत्र, केला तो प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा. प्लॅटिनमचा रोध एका अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. व्हॅनेडियम ऑक्साइडचा रोध एका अंशाला २ टक्के किंवा त्याहून जास्त पडतो. १९८० च्या दशकात हनीवेल कंपनीत या फिल्मवर पुलांच्या अख्ख्या जाळ्या उभ्या राहिल्या, आणि थंड न करता चालणारा कॅमेरा शक्य झाला.

आता मूळ प्रश्न. व्हॅनेडियम या धातूचा स्वभावच असा आहे की तो ऑक्सिजनशी एकाच प्रमाणात जोडला जाऊन स्वस्थ बसत नाही. पाण्यातल्या त्याच्या क्षारांचे रंग पाहिलेत तर लगेच कळेल. ऑक्सिडीकरणाची एकेक पायरी उतरत गेलं की पिवळा, निळा, हिरवा, जांभळा असे रंग येतात. १८०१ मध्ये आंद्रेस मानुएल देल रिओ यांना हा धातू सापडला तेव्हा त्यांनी त्याला पहिलं नाव दिलं ते 'सर्वरंगी' या अर्थाचं. मला ते नाव आजच्या नावापेक्षा जास्त पटतं. ऑक्साइडचंही तसंच आहे. दोन व्हॅनेडियमला तीन ऑक्सिजन असलेलं ऑक्साइड खोलीच्या तापमानाला धातूसारखी वीज वाहून नेतं. दोनाला पाच झाले की रोध इतका चढतो की सर्किटला वाचणंही कठीण. आम्हाला हवी असलेली फिल्म या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ती एक ठरावीक संयुगही नसते. तो मिश्र माल असतो. ऑक्सिजनचं प्रमाण किंचित सरकलं तरी रोधकता दहापट इकडे किंवा तिकडे जाते.

आणि हा ऑक्सिजन मोजून घालता येत नाही, खरी अडचण ती आहे. आम्ही रिअ‍ॅक्टिव्ह स्पटरिंग करतो. निर्वात चेंबरमध्ये शुद्ध व्हॅनेडियमची चकती असते, तिला आम्ही टार्गेट म्हणतो. आर्गॉनचे आयन तिच्यावर आदळतात, व्हॅनेडियमचे अणू उडतात आणि समोरच्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, बसतात. सोबत थोडा ऑक्सिजन सोडलेला असतो. तो फिल्ममध्ये जातो, भिंतींवर बसलेल्या धातूतही जातो, आणि टार्गेटलाही लागतो. टार्गेटच्या पृष्ठभागावर ऑक्साइड साचायला लागलं की धातू उडायचा वेग घटतो. धातू कमी उडाला की ऑक्सिजन खाणारं कुणी उरत नाही, मग चेंबरमधला ऑक्सिजन आणखी वाढतो आणि टार्गेट आणखी झाकलं जातं. बघता बघता सगळं त्या बाजूला कोसळतं. टार्गेट पॉयझन झालं, असं आम्ही म्हणतो. चेंबरच्या काचेच्या खिडकीतून प्लाझ्माचा, म्हणजे आतल्या चमकणाऱ्या आयनित वायूचा, रंग बदललेला डोळ्यांना दिसतो, टार्गेटचं व्होल्टेज दुसऱ्याच आकड्यावर जाऊन बसतं.

अशा वेळी ऑक्सिजन मागच्या आकड्यावर आणला तरी टार्गेट मागच्या स्थितीत येत नाही. त्यासाठी पुष्कळ खाली यावं लागतं. म्हणजे फ्लो मीटरवर एकच आकडा, पण वरून खाली आलात तर एक फिल्म आणि खालून वर गेलात तर दुसरी. वहीत आकडा लिहिता येतो. टार्गेट काल कशातून गेलं, ते शटर (टार्गेट आणि वेफरमधला आडपडदा) बंद ठेवून नुसत्या आर्गॉनमध्ये किती वेळ घासून काढलं, झिजून त्याची खाच किती खोल गेली, हे त्या आकड्यात मावत नाही. आणि आमची चांगली फिल्म नेमकी त्या कड्याच्या काठावर मिळते.

एकदा तीन आठवडे माझ्या फिल्मचा रोध सतत वर येत होता. ऑक्सिजन कमी करत गेले, तरी वरच. निर्वाताचा आकडा रोजच्यासारखा, गळती तपासली तर नाही. शेवटी उरलेल्या वायूंचं विश्लेषण करणारं यंत्र लावलं, तर १८ या वस्तुमानावर उंच शिखर. पाणी. साफसफाईसाठी चेंबर उघडलं होतं आणि ते गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं होतं. आतल्या पत्र्यांवर जुन्या फिल्मचे सच्छिद्र थर होते, त्यांनी हवेतली वाफ शोषून घेतली, आणि प्लाझ्मा पेटला की तीच वाफ मला न विचारता ऑक्सिजन पुरवत होती. पत्रे बदलले, चेंबर रात्रभर तापवून पंपावर ठेवलं, आणि फिल्म जागेवर आली. तेव्हापासून निर्वात किती झालं यासोबत तिथवर पोचायला किती मिनिटं लागली हेही मी लिहून ठेवते.

याला जोडून दुसरा प्रश्नही हमखास येतो. व्हॅनेडियम डायऑक्साइडचा रोध ६८ अंशांच्या आसपास एकदम हजारो पट पडतो. बेल प्रयोगशाळेतल्या मॉरिन यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं. मग तेच का वापरत नाही? मोह मलाही झाला होता. पण ती उडी तापताना एका तापमानाला होते आणि निवताना दुसऱ्या. एकाच तापमानाला दोन वेगळे रोध मिळाले तर पिक्सेलने कोणता खरा मानायचा? शिवाय चांगले स्फटिक वाढवायला बहुधा ४०० अंशांच्या वर जावं लागतं, आणि पुलाखालचं सर्किट तेवढी उष्णता सोसत नाही. उतार, म्हणजे एका अंशाला रोध किती टक्के पडतो ते, जितका जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. तो वाढवायला गेलं की रोध वाढतो, त्याबरोबर कमी वारंवारतेची कुरकुर, म्हणजे सिग्नलमधला नको असलेला गोंगाट, वाढते, आणि शेवटी चित्र धूसरच येतं. मला विचाराल तर २ टक्क्यांची शांत फिल्म ३ टक्क्यांच्या गोंगाटी फिल्मपेक्षा केव्हाही बरी.

म्हणून रोज सकाळचा तुकडा. शटर बंद ठेवून टार्गेट घासायचं, व्होल्टेज स्थिर होईपर्यंत वाट बघायची, मग ऑक्सिजन नेहमी खालूनच वर न्यायचा. तुकडा बाहेर आला की चार सुयांच्या प्रोबखाली ठेवायचा. १०० नॅनोमीटरच्या फिल्मची रोधकता ०.५ ओहम-सेंटिमीटर असेल, तर प्रोबवर दर चौरसाला ५० किलोओहम दिसायला हवेत (पातळ थराचा रोध असाच, चौरसामागे सांगतात). मग खालची तबकडी एकेक अंशाने तापवायची. २५ चे २६ अंश झाले की ५० चे ४९ होतात. इतक्या वर्षांनंतरही तो आकडा उतरताना बघायला मी खुर्ची ओढून बसते.

आज पहिल्या तुकड्यावर ५८ आले. ऑक्सिजन एका घराने कमी केला, टार्गेट पुन्हा घासलं, दुसऱ्या तुकड्यावर ५१ आले. मग वेफर आत गेली.