नेटका स्वभाव आणि दीर्घायुष्य

आनंदी माणसे अधिक जगतात, असे मी अनेक वर्षे गृहीत धरले होते. मात्र मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे १,५०० हुशार मुलांचा जो अभ्यास सुरू केला, त्यातील नोंदी हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी पुढे तपासल्या, तेव्हा १९९३ मध्ये वेगळेच चित्र समोर आले: पालक व शिक्षकांनी ज्यांना कर्तव्यदक्ष आणि विचारपूर्वक वागणारे म्हटले होते, ती मुले सरासरीने अधिक जगली, तर खेळकर, हसतमुख मुलांचे आयुष्य तुलनेने कमी भरले. नेटकी माणसे धूम्रपान व अतिमद्यपान टाळतात, औषधे वेळेवर घेतात, हे त्याचे एक कारण. पण संशोधकांच्या मते तेवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. उलट अमेरिकेतील १८० कॅथलिक जोगिणींनी तरुणपणी लिहिलेल्या आत्मकथनांत जितक्या अधिक सकारात्मक भावना आढळल्या, तितके त्यांचे आयुष्य अधिक होते. म्हणून आनंद निरुपयोगी ठरत नाही. हे सारे सरासरीचे हिशेब आहेत, आणि एखाद्या आजारी ज्येष्ठाला त्याच्या स्वभावाचा दोष देण्यासाठी ते वापरणे मला अन्यायाचे वाटते. स्वभाव उतारवयातही थोडाफार बदलतो, ही बाब मला अधिक मोलाची वाटते.