ग्वाल्हेरचे कान

टीव्हीसाठी बेताच्या पैशांत काढलेले सिनेमे मला मनापासून आवडतात. त्यातही शाळकरी पोरांच्या गाण्याबजावण्याच्या चढाओढीचे असतील, तर भांडी तशीच ठेवून बघत बसते. लाजरी मुलगी, बापाने खेळात जुंपलेला मुलगा, नखरेल प्रतिस्पर्धीण, तऱ्हेवाईक बाई, आणि शेवटी खचाखच भरलेला हॉल. हॉल खचाखच, पण टाळ्या वाजवणारे चेहरे बघून घ्या, तेच ते असतात.

या जातीतला सगळ्यात गाजलेला म्हणजे ‘हायस्कूल म्युझिकल’. 20 जानेवारी 2006 ला अमेरिकेत डिस्ने चॅनलवर लागला. खर्च सुमारे 42 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या हिशेबात चिल्लर. चित्रणही सॉल्ट लेक सिटीतल्या एका खऱ्याखुऱ्या शाळेत उरकलेलं. पहिल्याच रात्री 77 लाखांच्या आसपास लोकांनी बघितला आणि तिसरा भाग 2008 मध्ये थेट थिएटरात गेला. गोष्ट काय, तर बास्केटबॉलचा कप्तान आणि अभ्यासातली हुशार मुलगी शाळेच्या संगीत नाटकासाठी ऑडिशन देतात. बस.

भाचीने तो ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी लावला, तेव्हा बाबाही खुर्ची ओढून बसले. पहिल्याच प्रसंगात एका पार्टीत दोघांच्या हातात माइक येतो, एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर जुळलेले.

“हे शिकले कधी?” बाबांनी विचारलं.

“आजोबा, पिक्चर आहे तो!”

“आहे ना. पण शिकले कधी?”

ग्वाल्हेरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. इथे कृष्णराव पंडितांनी 1914 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, 1918 मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. मुलगी गाते असं कळलं की कशी गाते हे कोणी विचारत नाही. विचारतात, “कोणाकडे?”

आणि चढाओढीचंच म्हणाल, तर आमच्याकडची गोष्ट त्या सिनेमापेक्षा कितीतरी भयंकर. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे दोघे भाऊ पोरवयात असताना शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मदखाँ गायचे. त्यांची तान ते कोणाला देत नसत. म्हणून महाराजांनी या पोरांना पडद्याआड बसवून ऐकायची सोय केली, आणि मग एके दिवशी दरबारात उभं केलं. पोरांनी खाँसाहेबांचंच गाणं खाँसाहेबांना ऐकवलं. आख्यायिका पुढे सांगते, की दुखावलेल्या खाँसाहेबांनी नंतर कधीतरी हस्सूखाँकडून एक अवघड, छातीफोड तान मुद्दाम घेववली. ती घेताना रक्ताची गुळणी आली आणि हस्सूखाँ गेले. खरं-खोटं दरबार जाणे. पण डिस्नेवाले ही गोष्ट घेणार नाहीत एवढं नक्की.

मी उगाच एक माहिती पुरवली. पहिल्या भागात नायकाच्या गाण्यात बहुतेक आवाज त्या नटाचा नाहीच, ड्रू सीली नावाच्या दुसऱ्याच गायकाचा मिसळलेला आहे. आपल्या हिंदी सिनेमात तर हे रोजचंच. पण बाबा संगीत नाटकांवर पोसलेले, जो उभा राहतो तोच गातो असं मानणारे. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग नाटकात भूमिका कोणाला मिळाली म्हणायचं?” भाचीने कपाळावर हात मारला.

तरीही मी त्या सिनेमाची बाजू घेईन. रियाजाचं त्याला काही कळत नाही, पण भीतीचं कळतं. त्यातली पोरं परीक्षकाला फारशी भीत नाहीत. भितात ती मधल्या सुट्टीत जेवायला शेजारी बसणाऱ्या मित्रांना. खेळाडूने खेळावं, हुशाराने अभ्यास करावा, गाणं कशाला, म्हणणाऱ्यांना. आणि कमी पैशांचा इथे फायदाच होतो. दिव्यांचे झोत आणि हजारोंची गर्दी घातली असती तर ती भीती त्यात हरवली असती. एक शाळा, एक रंगमंच, ओळखीचे चेहरे. त्या वयात जग तेवढंच असतं.

आमच्या गणेशोत्सवाच्या स्पर्धेत मी वर्षानुवर्षं शिकलेल्या मुलींचे आवाज चिरकताना ऐकलेत. पहिल्या रांगेत गुरुजी, त्यांच्या शेजारी दुसऱ्यांचे गुरुजी, मागे काकू-मावश्या, आणि प्रत्येकीचा कान तयार! तिथे टाळी उशिरा पडते, आधी “हं” येतो. त्या “हं”ला मी अजून भिते. आवाज सुधारावा म्हणून तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळायची रीत आहे. या “हं”वर कुठला पाला चालतो ते कोणी सांगत नाही.

सिनेमा संपला. भाची बराच वेळ चुळबुळ करत होती. मग एकदम म्हणाली, “आजोबा, सोमवारी आमच्या शाळेत ऑडिशन आहे. गाण्याची.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला.

“सोमवारी? मग या खेपेला फक्त सा होईल. उद्या सहाला ये.”

“सकाळी?”

“नाही तर काय, पार्टीत?”